"हिला ठाण्याला न्या"

कुणी जरा वेगळी वागली की आपण म्हणतो, "हिला ठाण्याला न्या." तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं, आणि थट्टाही जुनीच. आम्हीही करायचो. मग आमच्याच गटातली एक जण बाळंतपणानंतर झोपेनाशी झाली. बाळाकडे बघेना, बैठकीला येईना. आम्ही म्हणालो, आळस. सासूने भगताकडे नेलं; दोन कोंबड्या गेल्या, चार महिने गेले. ठाण्याचं नाव काढायला सगळ्याच घाबरत होतो.

शेवटी आशाताई म्हणाल्या, तिथे ओपीडी असते, दाखवून तर आणू. मुरबाडहून एसटीने कल्याण, पुढे लोकल. डॉक्टरांनी सगळं विचारलं, गोळ्या दिल्या, संध्याकाळी ती आमच्याबरोबर घरी. सासूबाई अजून सांगतात, "मला वाटलं, साखळ्या असतील." गुण यायला तीन-चार आठवडे लागले, तोवर बाळाला आम्ही आळीपाळीने सांभाळलं. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

लांब जाणं जमत नसेल तर १४४१६ लावा. हा टेली-मानसचा नंबर. फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. आणि जीव नकोसा झालाय असं कुणी म्हणाली, तर तिला एकटी सोडू नका, फोन लगेच लावा.