शब्दाला शब्दाची सोबत

श्रोतेहो, चाकणच्या बाजारात कुणी 'कांदा' म्हणाले आणि पाठोपाठ 'वखार' म्हणाले, तर तो दुसरा शब्द आपल्याला चटकन उमगतो. पण 'कांदा' म्हणून लगेच 'पंचांग' म्हटले, तर मन क्षणभर अडखळते. शब्द तर दोन्ही ओळखीचेच. मग हा फरक का पडावा?

१९७१ साली मायर आणि श्वानेवेल्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो मोजला. माणसांना अक्षरांच्या जोड्या दाखवून, हे दोन्ही खरे शब्द आहेत का, एवढेच विचारले. 'पाव' आणि 'लोणी' अशी नात्यातली जोडी आली, की उत्तर सुमारे ८५ सहस्रांश सेकंद लवकर येई. पापणी लवण्याइतकाही हा वेळ नव्हे. पण एका पानावर किती शब्द असतात, ते ध्यानात घ्या.

याचे कारण असे सांगतात की, मनात शब्द सुटे पडलेले नसतात. त्यांचे जाळे असते. एक धागा ओढला की शेजारचे हलतात. 'पाळी' हाच शब्द घ्या. 'कुळव' कानी पडला की शेतकऱ्याला रानातली पाळी आठवते; 'भोंगा' म्हटले की पिंपरीच्या कामगाराला कारखान्यातली पहिली पाळी, दुसरी पाळी आठवते. शब्द एकच, पण त्याला जागे केले ते शेजाऱ्याने.

शिक्षक बंधुभगिनींनो, आज या पट्ट्यातल्या वर्गांत परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांची मुलेही बसतात. असे एखादे मूल 'खळे' या शब्दापाशी अडले, तर त्याला मंद म्हणू नका. त्या शब्दाला त्याच्या मनात अजून शेजारीच नाहीत. धड्याआधी पाच मिनिटे द्या. मळणी, कणसे, उफणणी हे शब्द बोलून घ्या. 'तुझ्या घरी याला काय म्हणतात?' असे विचारा. मायबोलीतला शब्द पुढे आला, की त्याच अर्थाचा दुसऱ्या भाषेतला शब्दही लवकर ओळखू येतो, असे प्रयोगांत दिसले आहे. आईबापांनीही रानातल्या, कामावरच्या वस्तूंची नावे मुलांशी बोलत जावे.

मात्र एक सांभाळा. अंदाजाने वाचणारे मूल कांद्याच्या धड्यात 'काटा' लिहिले असले, तरी 'कांदा' वाचून मोकळे होते. तेव्हा अक्षरओळख पक्की हवीच. शेजारी हात देईल. पाऊल आपले आपणच टाकायचे.