पाकविद्येची प्रतिष्ठा

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं गाणाऱ्यांचें, बोलणाऱ्यांचें आणि मंडप सजविणाऱ्यांचें कौतुक सर्वजण करितात. परंतु मंडपामागें धुरांत उभ्या असलेल्या आचाऱ्याची आठवण जेवण आटोपतांच सरते. त्या आचाऱ्याच्या विद्येविषयीं आज चार शब्द बोलावे, असें आम्हीं योजिलें आहे.

आरंभीं आमचाच एक अपराध कबूल करितों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरच्या लग्नांत उरलेलें मटणाचें पातेलें आम्हीं रात्रभर झांकून ठेविलें, दुसऱ्या दिवशीं उकळलें आणि पाहुण्यांस वाढलें. सायंकाळपर्यंत चार माणसें अंथरुणास खिळलीं. देवाच्या दयेनें सर्व बरीं झालीं. एकदां उकळी आली म्हणजे सर्व दोष गेला, अशी आमची समजूत होती. कांहीं जंतूंनीं अन्नांत सोडलेलें विष उकळल्यानेंही नाहींसें होत नाहीं, हें आम्हांस नंतर आमच्या भाचीनें सांगितलें. ती त्या वेळीं कॅलिफोर्नियांतील एका कम्युनिटी कॉलेजांत पाकविद्या शिकत होती; आणि ती तिकडे जावयास निघाली तेव्हां, ‘शिकूनसवरून शेवटीं चुलीपाशींच उभी राहणार काय?’ असें तिला विचारणारे आम्हीच होतों.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. अमेरिकेंतील अशा सार्वजनिक कॉलेजांपैकीं सर्वांत जुनें कॉलेज इलिनॉय राज्यांतील जोलिएट येथें १९०१ सालीं निघालें. अशा ठिकाणीं अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा असतो, फी विद्यापीठापेक्षां कमी असते, आणि नोकरी करणाऱ्या प्रौढ माणसालाही तेथें प्रवेश मिळतो. सॅन फ्रान्सिस्को शहराचें कॉलेज १९३५ सालीं स्थापन झालें, व पुढल्याच वर्षीं तेथें हॉटेल आणि भोजनगृह चालविण्याचें शिक्षण सुरू झालें. ते दिवस मंदीचे होते. हाताला काम देणारी विद्या ती हलकी विद्या, असें त्या कॉलेजानें मानलें नाहीं.

ह्या शिक्षणांत पहिला धडा पक्वान्नाचा नसून हात धुण्याचा असतो. मग सुरी धरणें, भाजी एकसारखी चिरणें आणि प्रत्येक जिन्नस तोलून घेणें. पावाच्या पिठांत मैदा १०० धरून पाणी, मीठ व यीस्ट ह्यांचें प्रमाण शेंकड्यांत मांडितात; म्हणून दहा पावांची कृती हजार पावांसही लागू पडते. शिजलेलें अन्न ठेवावयाचें असल्यास तें दोन तासांत ५७ अंश सेल्सियसवरून २१ अंशांवर, आणि पुढील चार तासांत ५ अंशांवर आणिलें पाहिजे, असा तिकडील दंडक आहे. त्यासाठीं मोठ्या पातेल्यांतील अन्न उथळ भांड्यांत वाटून बर्फांत ठेवितात. हें आम्हांस ठाऊक असतें, तर लग्नघरचा तो प्रसंग टळला असता. पुढें विद्यार्थीच भोजनगृह चालवितात. खर्चाचा हिशेब मांडितात, रांधितात, वाढितात आणि भांडींही घासतात.

इतकें ऐकून आपल्या जुन्या आचाऱ्यांस कांहीं येत नव्हतें, असें कोणी समजूं नये. सुटींत घरीं आलेल्या भाचीनें आजीकडून इंद्याल शिकून घेतलें. आजी म्हणे, ‘मूठभर मीठ घाल.’ मुलीनें ती मूठ तराजूंत ओतवून घेतली. असें तीन वेळां केलें. तिन्ही वेळां वजन जवळजवळ एकच भरलें! तेव्हां तिनें आजीचा हात आपल्या कपाळीं लाविला. तो हातच तराजू होता. परंतु हात देहाबरोबर जातो, आणि लिहिलेलें वजन मागें राहतें. आज आजी नाहींत. त्यांचें इंद्याल मात्र आमच्या घरीं तसेंच होतें.

ही विद्या घेण्यास परदेशींच गेलें पाहिजे असें नाहीं. आज दादर येथें असलेली, केटरिंग कॉलेज म्हणून ओळखली जाणारी संस्था १९५४ पासून हें शिक्षण देत आहे. मात्र तरुणांनीं हेंही ध्यानांत ठेवावें कीं, केवळ प्रमाणपत्रानें कोणी आचारी होत नाहीं. तासन्‌तास उभें राहावें लागतें, आंच सोसावी लागते, आणि इतरांचा सण तो आपला कामाचा दिवस ठरतो.

शेवटीं वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच. मुलानें किंवा मुलीनें पाकविद्या शिकण्याची इच्छा बोलून दाखविली, तर आम्हीं विचारला तो प्रश्न आपण विचारूं नये. आणि ह्या महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरानें आपल्या वृद्ध सुगरणीची निदान एक कृती तोलून, मापून, तिच्या नांवासह लिहून ठेवावी. मंडपामागें आज जे राबत आहेत, त्यांस जेवण आटोपल्यावर आम्ही स्वतः जाऊन भेटणार आहों, आपणही यावें.