दूरचित्रवाणीवरील इतिहास आणि प्रेक्षकाची नजर
(व्याख्यानातील मुख्य भाग)

ऐतिहासिक मालिकेचा भाग संपला की घराघरांत दोन प्रतिक्रिया उमटतात. ‘हे खरेच असे घडले होते काय?’ हा एक प्रश्न, आणि ‘किती हुबेहूब उभे केले आहे!’ हा एक उद्गार. बहुधा उद्गार वरचढ ठरतो व प्रश्न मागे पडतो. मग मालिकेतील एखादा संवाद उत्तरपत्रिकेत पुरावा म्हणून अवतरला, तर नवल नाही.

या दृष्टीने ‘भारत एक खोज’ ही मालिका आजही अभ्यासण्याजोगी आहे. पंडित जवाहरलाल नेहरू यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात बंदिवासात असताना लिहिलेल्या ग्रंथावर ती आधारलेली होती. श्याम बेनेगल यांनी दिग्दर्शित केलेले तिचे ५३ भाग १९८८ पासून दूरदर्शनवर प्रसारित झाले. आरंभी नासदीय सूक्त ऐकू येई. ते सूक्त विश्वाच्या उत्पत्तीविषयी निर्णय देत नाही, शंका उपस्थित करते. इतिहासकथनाला याहून समर्पक मंगलाचरण क्वचितच लाभले असेल. रोशन सेठ यांच्या रूपातील नेहरू अधूनमधून पडद्यावर येत व भाष्य करीत. त्यामुळे निवेदन कोठे संपते आणि नाट्य कोठे सुरू होते, हे प्रेक्षकाला कळत असे. ओम पुरी कधी सम्राट अशोक होत, तर कधी औरंगजेब. एकच चेहरा अनेक भूमिकांत पाहिल्यावर नट म्हणजेच ती ऐतिहासिक व्यक्ती, असा समज दृढ होत नाही. आजच्या भपकेबाज मालिकांच्या तुलनेत तिची मांडणी साधी वाटेल. पण तो साधेपणा प्रेक्षकाच्या विचारशक्तीला वाव देणारा होता.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ या कादंबरीवरील मराठी मालिकेची गोष्ट निराळी. गजानन जागीरदार यांच्या दिग्दर्शनाखालील या मालिकेत रवींद्र मंकणी यांनी थोरले माधवराव असे साकारले, की अनेकांच्या मनात पेशव्यांचा तोच चेहरा कायमचा ठसला. हे कलेचे यश होय, यात शंका नाही. परंतु माधवराव व रमाबाई यांचे खासगी संभाषण हे कादंबरीकाराच्या प्रतिभेचे देणे आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत राज्यकारभार, मोहिमा, कर्ज व गृहकलह यांचा तपशील सापडतो; पतिपत्नींच्या एकांतातील शब्द कागदावर कोण उतरवणार?

‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेवरून वाद न्यायालयात गेला, आणि ती कादंबरीवर आधारित असल्याची सूचना प्रत्येक भागाबरोबर दाखवावी लागली. सूचना काही क्षणांत सरते, तलवारीचा खणखणाट मात्र कानांत राहतो. केवळ सूचनेने भागत नाही, ते एवढ्यासाठीच.

माहितीपट तरी सर्वस्वी विश्वसनीय मानावा काय? भारतात चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला. महात्मा जोतीराव फुले त्यापूर्वीच, १८९० मध्ये, निवर्तले होते. म्हणजे फुले पडद्यावर चालताबोलताना दिसले, की तो अभिनय आहे हे निश्चित समजावे, मग निवेदकाचा स्वर कितीही गंभीर असो. त्यानंतरच्या काळातील दृश्ये अस्सल असली, तरी त्यांतील कोणती ठेवावी, कोणती गाळावी, हे निर्माताच ठरवतो. आणि मूक फितीवरील जयघोष पुष्कळदा मागाहून जोडलेला असतो.

शाळेत वा ग्रामपंचायतीच्या सभागृहात अशी मालिका सामुदायिकरीत्या दाखविल्यास नंतर अर्धा तास चर्चेसाठी राखून ठेवणे अगत्याचे आहे. थेऊरचेच उदाहरण घ्यावे. माधवराव तेथे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी निधन पावले व रमाबाई सती गेल्या, एवढे इतिहास सांगतो. कादंबरी त्या प्रसंगाला करुणरम्य रूप देते आणि वाचकाचे डोळे पाणावतात. थेऊरला सहलीस आलेल्या मुलींना रमाबाईंचे वृंदावन दाखविताना शिक्षिकेने १८२९ च्या सतीबंदीच्या कायद्याचीही माहिती द्यावी, आणि पतीमागे जगू पाहणाऱ्या स्त्रीला त्या काळी कोणता मार्ग मोकळा होता, हे मुलींनाच विचारावे.