महाग वस्तीतील घर

जुन्या शहरातील वाडा सोडून नव्या, हवेशीर, परंतु महाग वस्तीत राहावयास जावे की जाऊ नये, हा प्रश्न आज उज्जैनमधील अनेक मराठी कुटुंबांपुढे उभा आहे. मुलगा आणि सून एका बाजूस, वडीलधारी माणसे दुसऱ्या बाजूस, असे बहुधा या वादाचे स्वरूप असते. दोन्ही पक्षांचे म्हणणे खरे असते. म्हणूनच हा वाद लवकर मिटत नाही.

उज्जैनमधील मराठी वस्ती जुनी आहे. अठराव्या शतकात शिंद्यांचा अंमल माळव्यात बसला, त्यांच्या मागोमाग कारकून, पुरोहित आणि सरदार आले, आणि क्षिप्रेच्या बाजूस मराठी घरे उभी राहिली. पुढे 1810 च्या सुमारास शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्करला गेली, पण माणसे येथेच राहिली. रेल्वेच्या पलीकडे, पूल ओलांडला की, नवे उज्जैन लागते. कागदोपत्री त्याचे नाव माधवनगर. लोकांच्या तोंडी मात्र फ्रीगंज. ज्या वस्तीच्या नावातच ‘फ्री’ हा शब्द आहे, तेथील जागा आज शहरातील महाग जागांत गणली जावी, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा. त्याही पुढे देवास आणि इंदूर रस्त्यांच्या बाजूस वसाहती वाढत गेल्या आहेत.

नव्या वस्तीचे गुण उघड आहेत. रस्ते सरळ, घरांत उजेड, वाहन दाराशी उभे करता येते, रात्री-अपरात्री आजाऱ्याला हलवावयाचे झाले तर रुग्णवाहिका जिन्यापर्यंत पोहोचते. जुन्या गल्लीत हे नेहमी साधतेच असे नाही. आरोग्यासाठी शहराबाहेर पडण्याची ओढ आजची नव्हे. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली, 1898 साली तेथे सुधार-मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती उभ्या राहिल्या. ज्यांनी तेव्हा दाट चाळी सोडल्या, त्यांच्या मुलाबाळांना त्या हवेचा लाभ झाला, हे कोण नाकारील?

आता खर्चाची बाजू. समजा, घरासाठी 40 लाख रुपयांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 20 वर्षांकरिता काढले. दरमहा हप्ता सुमारे 36 हजार रुपये पडतो, आणि मुदतअखेर एकंदर 86 लाखांहून अधिक रक्कम भरली जाते. म्हणजे घर एक आणि किंमत दोन घरांची. शिवाय महाग वस्तीचा एक छुपा कर असतो. शेजाऱ्याचे वाहन, शेजारच्या मुलाची शाळा, शेजारच्या लग्नातील थाट पाहून आपलाही हात सैल होतो. हा कर कोणत्याही पावतीवर छापलेला नसतो. उलट काही गोष्टी पैसे मोजूनही मिळत नाहीत. अवघे शहर मुख्यतः गंभीर नदीवरील धरणाचे पाणी पिते. धरण आटले की एक दिवसाआड येणारे पाणी महागड्या बंगल्यालाही एक दिवसाआडच येते.

पण खरा हिशेब याहून निराळा आहे. घरातील कमावता मनुष्य सकाळी बाहेर पडतो तो सायंकाळी परततो. त्याच्यासाठी घर म्हणजे रात्रीचा मुक्काम. चोवीस तास त्या घरात राहते ती म्हातारी आई. जुन्या शहरात तिला पहाटे रामघाट आहे, भाजीवाला नावाने हाक मारतो, दुपारी समोरच्या काकू ओट्यावर येऊन बसतात. श्रावणातील सोमवारी महाकालाची पालखी तिच्या गल्लीच्या तोंडाशी येते. या सवाऱ्या उत्तरेकडील श्रावणाबरोबर संपत नाहीत. पंधरा दिवस मागाहून चालणारा मराठी श्रावणही त्या पुरा करतात. शिंदेकाळाची ही खूण शहराने अजून जपली आहे. पुलापलीकडून ही पालखी पाहावयास यायचे तर कोणाला तरी रजा काढावी लागते. “आई, तिथं तुम्हाला स्वतंत्र खोली आहे,” असे सून मनापासून सांगते. आई उत्तर देते, “खोली आहे गं, पण तिथं मी बोलू कुणाशी?” या प्रश्नाचे उत्तर घराच्या नकाशात सापडत नाही.

तथापि जुन्या शहराचे चित्र रंगवतानाही सावध राहिले पाहिजे. ऑक्टोबर 2022 मध्ये ‘महाकाल लोक’ खुले झाल्यापासून यात्रेकरूंची संख्या पुष्कळ वाढली आहे. मंदिराच्या आसपासची घरे निवासगृहे होत आहेत. समोरच्या काकूच आपले घर भाड्याने देऊन पुलापलीकडे गेल्या, तर ओट्यावर बसावयास कोण उरणार? ज्या शेजारासाठी राहावयाचे तो शेजारच उठून गेला, तर नुसत्या भिंती धरून बसण्यात अर्थ नाही.

आणि जाणे हाच एक उपाय आहे काय, हेही पाहावे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने 1918 साली शेजारच्या इंदूर दरबाराला अहवाल दिला. जुने मोहल्ले सरसकट पाडू नयेत. मोडकळीस आलेली घरे तेवढी काढून मोकळी जागा करावी, झाडे लावावीत, उरलेली घरे दुरुस्त करावीत, असे त्याचे मत होते. एका वाड्यालाही ही रीत लागू पडते. पडकी पडवी काढून उजेड घेता येतो, नवे शौचकूप तळमजल्यावर बांधता येते. हा खर्च नव्या घराच्या कर्जापुढे थोडका ठरतो.

तेव्हा निर्णय कसा करावा? एक व्यवहारी मार्ग असा की, विकत घेण्यापूर्वी वर्षभर त्या वस्तीत भाड्याने राहून पाहावे आणि वाडा तोवर विकू नये. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक श्रावण तेथे गेला की नफातोटा आपोआप कळतो. ज्यांची नोकरी, मुलांची शाळा आणि स्नेहीसोबती पुलापलीकडे आहेत, त्यांनी खुशाल जावे. रोज येण्याजाण्यातील पन्नास मिनिटे वाचली, तरी वर्षाच्या तीनशे दिवसांत अडीचशे तास हाती येतात. पण त्या तासांतील काही तास आईजवळ बसण्यात गेले पाहिजेत. तेवढी तयारी नसेल, तर नव्या घराची निम्मी किंमत तिलाच भरावी लागते, आणि तिच्याकडून ती कोणी विचारूनही घेतलेली नसते.