कर्जखते, कोयता आणि पॅरिसचे पंडित

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'उत्तर-संरचनावाद' हा शब्द ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात, हे मी जाणतो. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने फ्रेंच पंडितांच्या वाटेला जावे, हेही काहींना विचित्र वाटेल. परंतु गेली चार दशके आपल्या विद्यापीठांतील इतिहास, समाजशास्त्र आणि समीक्षा यांवर या विचाराची छाया आहे. आपल्या शिबिरांना येणारी तरुण मुले 'ज्ञान आणि सत्ता', 'विरचना' असे शब्द बरोबर घेऊनच येतात. त्यांच्याशी बोलावयाचे तर या विचाराची पारख आपल्या भूमीवर केली पाहिजे. ती भूमी मी पारनेर-श्रीगोंद्याची निवडतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे (आपले पारनेरचे सुपे नव्हे) बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. तेथून हे लोण नगर जिल्ह्यात आले आणि पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरले. तीसांहून अधिक गावे उठली, साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली. सावकाराच्या जिवावर उठण्यापेक्षा त्याच्या दप्तरावर लोकांचा रोख होता. खते आणि हुकूमनामे मुकाट्याने हवाली केले, तर बहुधा पुढे काही घडत नसे. खते जाळली की जमाव पांगे.

अडाणी म्हणून हिणविलेल्या कुणब्याला नेमके ठाऊक होते की आपला मालक तो कागद आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखताची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. सावकाराने दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेण्याचा परिपाठ पाडला. ज्याला वाचता येत नाही त्याच्या अंगठ्याखाली काय लिहिले आहे हे लिहिणाराच ठरवी, आणि ब्रिटिशांचे न्यायालय त्या लेखालाच सत्य मानी. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा कुळकर्ण्याच्या लेखणीवर असूड ओढला, तो उगाच नव्हे.

या उठावानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७५ साली, मिशेल फूको यांचा शिक्षा आणि तुरुंग यांवरील ग्रंथ पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: सत्ता केवळ राजवाड्यात वा मंत्रालयात बसलेली नसते. ती शाळेच्या हजेरीपटात, इस्पितळाच्या नोंदीत, तुरुंगाच्या वेळापत्रकात वावरते. माणसाची नोंद करणे, त्याला एखाद्या वर्गात घालणे, हाच त्याच्यावर राज्य करण्याचा मार्ग होतो. त्याआधी रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली होती आणि जाक देरिदा यांनी लेखनाचा अर्थ कधीच पुरता स्थिर नसतो असे प्रतिपादन चालविले होते.

हे विचार आपल्या इतिहासलेखनात प्रामुख्याने रणजित गुहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या द्वारे आले. गुहा यांच्या १९८३ च्या ग्रंथात शेतकरी उठावांची मीमांसा आहे आणि दख्खनच्या या दंग्यांचाही त्यात विचार आहे. त्याच वर्षीच्या एका निबंधात त्यांनी बार्थ यांची पद्धत सरकारी कागदपत्रांना लावून दाखविली. बंड करणाऱ्याने स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. जे आहे ते त्याला चिरडणाऱ्याने लिहिलेले. मग ते उलटे वाचावे लागते. जेथे 'बदमाश' लिहिले आहे, तेथे बंडखोर शोधावा.

आता १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवलेला दख्खन दंगा आयोगाचा अहवाल या दृष्टीने पाहा. सरकारचा शेतसारा दंग्याला कारण झाला काय, असा आयोगापुढे प्रश्न होता. रयतेच्या जबान्या घेतल्या, आकडे जमविले, आणि निष्कर्ष निघाला: सारा निर्दोष, दोष सावकाराचा. वस्तुतः नव्या आकारणीत सारा कोठे पन्नास, तर कोठे शंभर टक्क्यांपर्यंत चढला होता. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपताच कापसाचा भाव कोसळला, सावकाराने हात आखडता घेतला, आणि कुणबी दोहोंच्या कात्रीत सापडला. अहवाल लिहिणाऱ्याने स्वतःला चित्रातून कसे वगळले, हे फूको वाचल्यावर अधिक स्पष्ट दिसते हे मला मान्य आहे.

तथापि माझा झगडा येथूनच सुरू होतो. खत जाळले म्हणून कापसाचा भाव चढला नाही. साऱ्याचा हप्ता चुकला नाही. १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला; सावकारांनी गहाणाऐवजी सरळ खरेदीखत करून घेण्यास आरंभ केला. कागद बदलला, जमीन जावयाची ती गेलीच. ज्याच्या हाती भांडवल आहे तो नवा लेख लिहू शकतो, ही गोष्ट 'सत्ता सर्वत्र आहे' या वाक्यात विरघळून जाते. सत्ता सर्वत्र असेल, तर मोर्चा न्यावयाचा कोठे? चर्चासत्रांतून या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. चहा मात्र उत्तम मिळतो.

आणि लेखकाचा मृत्यू? बार्थ यांच्या घोषणेनंतर दहाएक वर्षांतच, १९७८ साली, अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार 'बलुतं' घेऊन आले. शतकानुशतके ज्यांना लिहू दिले नाही, त्यांच्यातला एक जण नुकता लेखक झाला होता. त्याच वेळी लेखक संपला म्हणून सांगणे हे सुस्थितांचे तत्त्वज्ञान झाले.

फूको यांच्यावर अन्याय मात्र होऊ नये. १९७१ साली त्यांनी सहकाऱ्यांसह कैद्यांची माहिती मिळविण्यासाठी गट काढला आणि प्रश्नावल्या तुरुंगात पोहोचविल्या. कैद्यांनी स्वतः बोलावे हा उद्देश. दलित-शोषित बोलू शकतात काय, आणि त्यांच्या वतीने आपण बोलतो तेव्हा काय होते, असा प्रश्न गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८ साली फूको यांनाच विचारला. तो आपल्यालाही लागू आहे. आपली किती निवेदने ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांना वाचून दाखविली?

आपल्या जिल्ह्याकडे येतो. येथे कारखानेही आहेत आणि पाथर्डी-शेवगावकडून ऊस तोडावयास जाणारी कुटुंबेही. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' लिहिला जातो. उचल नवऱ्याच्या नावे, श्रम दोघांचे. त्या स्त्रीला वहीत नाव नाही, म्हणून मजुरी नाही, रजा नाही, आजारपणही नाही. गैरहजर राहिला तर 'कोयता' गैरहजर राहतो आणि खाडा पडतो. ज्ञान आणि सत्ता यांचे नाते समजून घेण्यास पॅरिसला जावयास नको, ही वही उघडावी. पण वहीत तिचे नाव घातले आणि तोडणीचा दर तोच राहिला, तर त्याच मजुरीची दोन नावांत वाटणी होईल, एवढेच. म्हणून दोन्ही मागण्या एकाच निवेदनात गेल्या पाहिजेत: नोंद व्यक्तीची, आणि दर दोन माणसांच्या श्रमाचा.

करार हंगामापूर्वी होतात. त्या वेळी अंगठा उमटण्याआधी कागद मोठ्याने वाचणारा आपला माणूस वाडीवर हजर असावा. मुकादमालाही तो वाचून दाखवावा. कारखान्याकडून घेतलेल्या रकमेखाली तोही पुष्कळदा दबलेलाच असतो.