जागा आहे का?



माझं गाव कामशेत. पुणे-लोणावळा लोकलमध्ये जे कधी बसले असतील त्यांना ते ठाऊक असेल. वडगाव गेलं, कान्हे गेलं, की कामशेत. पुढं मळवली, आणि मग लोणावळा. ही लोकल १९७८ साली सुरू झाली तेव्हा मी लहान होतो. माझे थोरले भाऊ मला बोटाला धरून पुण्याला घेऊन गेले. गाडीत चढल्यावर त्यांनी मला पहिला धडा दिला : "उभं राहायचं नाही. 'जागा आहे का?' म्हणून विचारायचं. नसली तरी होते."

तो धडा मी पुढं पंचवीस-सव्वीस वर्षं गिरवला. कामशेतहून चिंचवडला नोकरीला जायचो. तिघांच्या बाकावर चौथा बसतो, त्याचा अर्धा देह बाहेर असतो, आणि तरी तो पाचव्याला म्हणतो, "या, बसा." जागेवर रुमाल टाकला की ती जागा आपली, हा कायदा कोणत्याही पुस्तकात नाही, पण तो सर्वांना पाठ आहे. ओळखपाळख नसलेला माणूस आपल्या खांद्यावर डोकं टाकून झोपतो, आणि आपण त्याला पिंपरी आल्यावर उठवतो, कारण त्यानं झोपण्यापूर्वी "पिंपरीला उठवा हं" असं बजावलेलं असतं. बायकांच्या डब्यात मेथी निवडली जाते, एवढंच नव्हे तर डोहाळजेवणंही होतात. माझ्या पत्नीनं एकदा गाडीतच कुणाची तरी ओटी भरली होती. घरी आल्यावर मी विचारलं, "तिचं नाव काय?" तर म्हणाली, "ते नाही बाई विचारलं. पण सातवा लागलाय."

दसऱ्याला डब्याला तोरण बांधून नारळ फोडायचा, हेही आमच्याकडं चालतं. पुण्याच्या स्टेशनवर तर दर १ जूनला प्रवासी डेक्कन क्वीनचा वाढदिवस केक कापून साजरा करतात. ही गाडी १ जून १९३० रोजी सुरू झाली. गाडीचा वाढदिवस करणारे प्रवासी जगात आणखी कुठं असतील, मला माहीत नाही.

हे सगळं मला कधी विचित्र वाटलं नाही. ते वाटायला मला परदेशी जावं लागलं.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी लंडनजवळ स्लाऊ या गावी मुलीकडं गेलो आणि पुढच्या मार्चपर्यंत राहिलो. मुलगी-जावई नोकरीला जात. मला घरात बसवेना. मग मी पास काढून एलिझाबेथ लाइनच्या गाडीनं लंडनला जाऊ-येऊ लागलो. स्लाऊ ते पॅडिंग्टन हे अंतर आपल्या कामशेत-चिंचवडपेक्षा फार निराळं नाही. पण डब्यात पाऊल टाकलं की मशिदीत आल्यासारखी शांतता. मशिदीत निदान कुणी खोकलं तरी आपण बघतो. इथं कुणी कुणाकडं बघतच नाही.

हळूहळू मला तिथल्या प्रवाशांच्या तऱ्हा कळू लागल्या. एक बाई धावत्या गाडीत, एका हातात आरसा धरून, डोळ्याच्या पापण्या रंगवायची. गाडीनं धक्का दिला तरी रेघ हलायची नाही. फुकट मिळणारं वर्तमानपत्र वाचून झालं की घडी करून जागेवर ठेवायचं, म्हणजे पुढच्याला मिळतं, पण हातात द्यायचं नाही. गरोदर बाईनं जागा मागू नये म्हणून, किंवा तिला ती मागावी लागू नये म्हणून म्हणा, २००५ पासून तिथं एक बिल्ला मिळतो. तो कोटाला लावला की लोक उठतात. तोंडानं काही बोलावं लागत नाही. पुढं २०१७ पासून आजारी आणि अपंग माणसांसाठीही तसा बिल्ला निघाला. मला आमच्या डब्यातली ओटी आठवली.

सर्वांत गमतीची गोष्ट मुलीनं सांगितली. २०१६ साली कुणा एका माणसानं भुयारी रेल्वेच्या प्रवाशांना बिल्ले वाटले. मजकुराचा मतलब असा, की माझ्याशी गप्पा मारायला हरकत नाही. तर लंडनकर इतके घाबरले, की 'माझ्याशी बोलू नका' असे उलटे बिल्ले निघाले! आणि हेच लोक जानेवारीतल्या एका रविवारी विजारीशिवाय गाडीत बसतात. ही प्रथा न्यूयॉर्कमध्ये २००२ साली सुरू झाली, लंडनला २००९ मध्ये आली. वर कोट, टाय, मफलर. खाली चड्डी आणि बूट. आणि चेहरा असा की काही घडलंच नाही. जानेवारीतल्या त्या रविवारी मी डब्यात होतो. मी खाली मान घातली. बाकीच्यांनी मान वरही केली नाही, खालीही घातली नाही. न बघण्याची त्यांची सवय इतकी पक्की, की चड्डीतल्या माणसालाही ते तिचा लाभ देतात.

इथवर सगळं हसण्यासारखं होतं. पण एक गोष्ट मला सलू लागली. माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची.

गर्दी असायची, लोक उभे असायचे, आणि माझ्या शेजारी कुणी बसायचं नाही. मला दाढी आहे. डोक्यावर थंडीची टोपी. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या तीन गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट होऊन बावन्न माणसं मेली, हे मला ठाऊक होतं. गाडीत घोषणाही होत राहते, की संशयास्पद काही दिसलं तर कळवा. प्रत्येक घोषणेला मी माझी पिशवी जरा जवळ ओढून घ्यायचो. मुलीला सांगितलं, तर ती हसली. "अब्बा, इथं कुणाच्या शेजारी बसणं हा शेवटचा उपाय असतो. सगळ्यांच्याच शेजारची जागा रिकामी असते."

मी कारकून माणूस. पंधरा दिवस मोजलं. कधी दुसऱ्यांच्या शेजारची जागाही रिकामी राही, कधी फक्त माझ्याच. हिशेब काही जुळला नाही. कुणी काही बोललं असतं तर उत्तर तरी दिलं असतं. गप्प माणसाला काय उत्तर देणार?

तेव्हा मला आमच्या लोकलमधली एक सकाळ आठवली. ११ जुलै २००६ च्या मंगळवारी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. १८०हून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी नेहमीच्या गाडीनं निघालो. आमच्या डब्यात भजनी मंडळ होतं. टाळ पिशवीत आणलेले असत आणि पखवाजाच्या जागी डब्याचा पत्रा. माझ्याकडंही एक टाळजोडी होती. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात मराठी अभंग लिहून गेले, तेव्हा माझ्या हातात टाळ बघून त्या मंडळींना कधी नवल वाटलं नाही.

त्या दिवशी तळेगावला एक नवा गृहस्थ चढला. त्यानं वरच्या फळीकडं बोट दाखवून मोठ्यानं विचारलं, "ही पिशवी कुणाची?"

मी म्हटलं, "माझी."

"नाव काय आपलं?"

मी नाव सांगितलं. टाळ थांबले. गाडीचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. माझ्या छातीत जे झालं ते मी आजवर कुठल्याही कवितेत लिहू शकलेलो नाही.

आमच्यात कान्ह्याचे एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. ते उठले. पिशवी खाली काढली, त्यातला डबा उघडला आणि त्या गृहस्थापुढं धरला. म्हणाले, "आज बुधवार. आमच्या कविराजांकडं बुधवारी मेथी. घ्या, तपासून बघा." सगळे हसले. तो गृहस्थही ओशाळून हसला आणि त्यानं खरंच भाकरीचा तुकडा मोडला. देहूरोडला भजन पुन्हा सुरू झालं.

ही गोष्ट इथं संपली तर फार गोड होईल. पण ती संपली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पिशवी मांडीवर घेऊन बसू लागलो. कुणी मला तसं सांगितलं नव्हतं. आणि कुणी 'असं का?' म्हणून विचारलंही नाही. एरवी माझ्या घरी कोणती भाजी झाली याची चौकशी करणारी ही माणसं तीन दिवस गप्प होती. ते गप्प बसणं त्या गृहस्थाच्या प्रश्नापेक्षा जड होतं. चौथ्या दिवशी अण्णांनी माझ्या मांडीवरची पिशवी उचलली आणि फळीवर टाकली. "ओझं घेऊन टाळ कसा वाजवणार?" म्हणाले. एवढंच.

स्लाऊच्या गाडीत बसून मी स्वतःला म्हणायचो, आपली लोकलच बरी. तिथं संशयसुद्धा तोंडावर येतो, म्हणून तो मिटतो तरी. पण फेब्रुवारीत एका सकाळी हेही मत मला बदलावं लागलं.

गाडीनं हेज स्टेशन सोडलं आणि पुतण्याचा फोन आला. थोरले भाऊ गेले. मला बोटाला धरून लोकलमध्ये चढवणारे तेच. आपल्याकडं दुपारचे अडीच वाजले होते. असरच्या नमाजनंतर दफन होणार होतं. मी काही केलं तरी पोचणार नव्हतो. तोंडातून दुआ निघाली, जरा मोठ्यानंच, आणि मला रडू आलं. साउथॉल आलं. त्या स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीखाली गुरुमुखीतही नाव लिहिलेलं आहे. पंजाबी मंडळी मोठ्यानं बोलत चढली, माझ्याकडं पाहिलं आणि त्यांनीही आवाज खाली आणला. कुणी विचारलं नाही. काय झालं, कोण गेलं, किती वय होतं, काही नाही. मला रडायला जागा दिली गेली होती. समोर एक म्हातारी गोरी बाई होती. ईलिंग ब्रॉडवेला उतरताना तिनं पर्समधून कागदी रुमालांचं पुडकं काढलं आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवलं. माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दार बंद झालं.

ते पुडकं माझ्याकडं अजून आहे. त्या रिकाम्या जागेचा हिशेब मी त्या दिवसापासून सोडून दिला.

मार्चमध्ये परत आलो. दोन दिवसांनी कामशेतला लोकलमध्ये चढलो. कान्ह्याचे अण्णा आता नाहीत. टाळही नव्हते. बहुतेकांच्या कानांत तारा किंवा बोंडं, नजर मोबाइलवर. मला क्षणभर स्लाऊचाच डबा वाटला. मग मागून हाक आली, "कविराज, कधी आलात? भाऊ गेले म्हणे." एक जुने सोबती होते. काय झालं होतं, दवाखान्यात किती दिवस होते, मुलं काय करतात, तुम्हाला कळलं कधी? वडगावला एकदा सांगितलं. तळेगावला दुसरे भेटले, त्यांना सांगितलं. देहूरोडला तिसऱ्यांना. तिसऱ्यांदा सांगताना माझा आवाज फुटला. भावाची माती मला मिळाली नव्हती, ती त्या दिवशी चिंचवड येईपर्यंत मिळाली असं मला वाटलं.

श्रोतेहो, कोणती रीत चांगली, हे मी सांगणार नाही. दुःखात न विचारणारा माणूस मला भेटला आणि विचारणाराही. दोघांचेही माझ्यावर उपकार आहेत. मला भीती वाटते ती तिसऱ्या प्रकारच्या गप्पपणाची, त्या तीन दिवसांतल्या. सगळ्यांना दिसतं की शेजाऱ्यानं पिशवी मांडीवर घेतली आहे. का घेतली तेही कळतं. आणि कुणी हात पुढं करत नाही. तो गप्पपणा लंडनचा नाही आणि मावळाचाही नाही. तो कुठल्याही डब्यात चढू शकतो.

परवा कामशेतला गाडीत एक मुलगा बसला होता. कानांत बोंडं, शेजारी पाठीवरची भली मोठी पिशवी ठेवलेली. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं नाही. मी त्याच्या खांद्याला हळूच हात लावला आणि भावानं शिकवलेलं वाक्य म्हटलं. त्यानं कानातलं काढलं, पिशवी उचलली, माझ्याकडं पाहिलं.

"आहे ना चाचा," म्हणाला. "बसा."

मी त्याची पिशवी घेतली आणि फळीवर ठेवली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)