ग्रहणाचा दोष कीं घराण्याचा वारसा?

दुभंगलेल्या ओठाचें मूल जन्मास आलें, कीं घरांतील वडीलधाऱ्या बायका आईला विचारतात, “ग्रहणांत कांहीं चिरलंस का ग?” तिला विळी हातीं धरल्याचें आठवो वा न आठवो, दोष तिच्याच पदरीं पडतो.

शास्त्राचें म्हणणें निराळें आहे. गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांत आणि टाळू त्यानंतर, दोहों बाजूंचे भाग मध्यें सांधले जाऊन तयार होतात. ही सांधणी अपुरी राहिली, म्हणजे चीर राहते. जगांत सुमारें ७०० जन्मांमागें एका मुलाच्या बाबतींत असें घडतें.

डेन्मार्कचे शस्त्रवैद्य पॉल फोग-अँडरसन यांनीं रुग्णांच्या घराण्यांची कसून चौकशी करून १९४२ सालीं प्रबंध प्रसिद्ध केला. ओठाची चीर, मग तिच्या जोडीला टाळूची असो वा नसो, हा एक प्रकार व नुसत्या टाळूची चीर हा दुसरा. दोहोंचा वारसा वेगळा, असें त्यांनीं दाखविलें.

कांहीं घराण्यांत खालच्या ओठावर बारीक खळगे असतात व त्यांतच चिरेचीं मुलेंही जन्मतात. अशा एका घरांतील एकबीज जुळ्यांपैकीं एकालाच ही विकृति होती. २००२ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दोघांचीं जनुकें ताडून पाहिलीं, तेव्हां ‘आयआरएफ-६’ या जनुकांत बिघाड आढळला. तो दुसऱ्या जुळ्यांत नव्हता, आईबापांतही नव्हता. पुढें अशा इतर अनेक घराण्यांतही त्याच जनुकाचे बिघाड सांपडले. तेथें तो अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो.

तथापि बहुतेक घरांत गोष्ट इतकी सरळ नसते. अनेक जनुकांचा थोडा थोडा वांटा, त्यांत गर्भिणीचें धूम्रपान किंवा फेंफऱ्यावरील कांहीं औषधें यांची भर, असा तो मेळ असतो. म्हणून औषध मनानें थांबवूं नये, डॉक्टरांस विचारावें. निरोगी आईबापांना असें एक मूल झालें, तर पुढील अपत्यास तो धोका शंभरांत सुमारें तीन ते पांच एवढाच असतो.

हें सारें ज्ञान घराण्यांनीं मोकळेपणानें दिलेल्या हकीगतींतून उभें राहिलें आहे, हें श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें. लग्नें अडतील या भीतीनें चुलत्याचा वा मावशीचा शिवलेला ओठ लपविला जातो, आणि ठपका मात्र सुनेवर येतो. वारसा दोन्ही कुळांचा असतो. सासूनें सुनेला ग्रहणाविषयीं विचारण्यापेक्षां स्वतःच्या माहेरची माहिती डॉक्टरांस सांगितली, तर नातवाचें अधिक हित होईल.